सात नंबरचं खमीर

देवराव गोतमारेच्या हातून आजवर चाळीसेक पोरंपोरी डॉक्टर झाली. औषध देणारे नव्हे, नावाआधी लावायचे. नागपुरातल्या एका कॉलेजात जंतूंचा अभ्यास करणारा विभाग आहे, तिथं देवराव सत्तावीस वर्षांपासून लॅब अटेंडन्ट. काचेचं सामान धुवायचं, मोठ्या कुकरात वाफेवर ठेवायचं, जंतूंना खायला घालायची जेली शिजवायची आणि ती बशांमध्ये ओतायची, ती अशी की एक बुडबुडा दिसता कामा नये. हे त्याला कोणी शिकवलं नाही. नरखेड तालुक्यातला दहावीला दोनदा बसून उठलेला माणूस, पण त्याच्या बशा आरशासारख्या. नव्या पोरानं ओतलेली बशी तो उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "हे काय होय गा? सांबारवडीचं पीठ सांडलं का?" पोरगं मुकाट्यानं पुढच्या बशा त्याच्याकडे सरकवायचं.

प्रबंध छापून आला की आभाराच्या पानावर सगळ्यांची नावं असायची. सरांचं, सरांच्या बायकोचं, होस्टेलच्या मैत्रिणींचं, एका पोरीनं तर मांजरीचंही लिहिलं होतं. देवराव कधी 'आणि इतर कर्मचारीवर्ग' मध्ये मावायचा, कधी त्यातही नाही. आपल्याला त्याचं काही नाही, असं तो म्हणायचा. पण पान उघडून बघायचा मात्र प्रत्येक वेळी.

त्याचं घर शहराच्या कडेला, बेसाच्या पुढं. त्यानं प्लॉट घेतला तेव्हा तिथं तुरीची वावरं होती आणि मधून बैलगाडीची वाट. आता आठ-आठ मजली फ्लॅटच्या स्कीमा आहेत, गेटवर शिट्टीवाला आहे. त्या स्कीमांच्या मागे पंधरा घरांची एक ओळ अजून तगून आहे, त्यातलं सहावं देवरावचं. ओळीला एकच विहीर होती, वर उंबराचं झाड वाकलेलं. नळ आला फार उशिरा. तोवर पंधराही घरं त्याच विहिरीचं पाणी प्यायली. विहिरीच्या मागे पत्र्याचं एक शेड होतं, तिथं नट-बोल्टांवर मुलामा चढवायचे. पिवळे, झळझळीत बोल्ट बाहेर पडायचे. आत वापरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात जायचं. खड्डा कधी भरला नाही. ते पाणी जातं कुठं, हा प्रश्न ओळीतल्या एकालाही पडला नाही, आणि ज्यांना पगार देऊन असले प्रश्न पाडायला ठेवलेलं असतं, त्यांना तर नाहीच नाही.

मग रुख्मिणीची हाडं दुखायला लागली. देवरावची बायको, वय तेव्हा बेचाळीस. कंबर, फासळ्या, पायाची नळी. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायची, घ्यायची, कामाला लागायची. तीन वर्षांत किडन्या गेल्या. शुगर नाही, बीपी नाही. डॉक्टरनं विचारलं, गोळ्या किती घेता? तिनं खरं ते सांगितलं. फायलीवर ओळ आली: दुखण्याच्या गोळ्यांच्या अतिवापरानं किडनी निकामी. ती ओळ मग प्रत्येक नव्या कागदावर उतरत गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि दर वेळी कुणीतरी फाईल चाळून मान हलवायचं. नणंद तर भर लग्नात पंगतीत बोलली, "फुटाण्यासारख्या गोळ्या खाये बाई, मंग काय होईन?" रुख्मिणीनं त्या दिवसापासून लग्नांना जाणं सोडलं.

"गोळ्या मी खाल्ल्या, नाही काहून म्हनू," ती देवरावला म्हणायची. "पन पयले हाडं दुखली ना? गोळ्या मंग खाल्ल्या. हे कोनी लिहीत काहून नाही?"

बरी होण्याची आशा तिनं केव्हाच सोडली होती. तिला ती ओळ खोडून हवी होती. बस, एवढंच. आपण आपल्या हातानं मेलो असं कागदावर राहू नये. घरांच्या ओळीतली आणखी तीन माणसं तशाच किडन्या घेऊन झिजत होती. धोंडबा ऑटोवाल्याची बायको तर गेलीच.

विभागात तेव्हा मुग्धा नावाची पोरगी संशोधन करत होती. विषय यीस्टचा. यीस्ट म्हणजे ते खमीर, ज्यानं पाव फुगतो, जिलबीचं पीठ आंबतं. साध्या डोळ्यांना न दिसणारा एका पेशीचा जीव. मुग्धा ठिकठिकाणचं खमीर गोळा करायची: हलवायाच्या पातेल्यातलं, मोहाच्या फुलांवरचं, सडक्या संत्र्यांवरचं. आणि प्रत्येकाला विषारी धातू घातलेल्या बशीत सोडून बघायची, कोण जगतं. देवरावनं एक दिवस तिला विहिरीचं पाणी आणून दिलं, त्यात दोन फुगलेली उंबरं. "हे पाहा ताई, आमच्याकडचं." मुग्धानं वहीत सातवा नंबर टाकला.

पाचव्या दिवशी ती लॅबमध्ये अक्षरशः नाचली. कॅडमियमच्या, म्हणजे नट-बोल्टांवर मुलाम्याला वापरतात त्या विषारी धातूच्या बशीत बाकी सगळे मेले होते आणि सात नंबर साबुदाण्यासारखा टपोरा उगवला होता.

"ताई, हे काहून जगलं?"

मुग्धा चांगली पोरगी. त्याला समोर बसवून सांगितलं तिनं. "काका, पेशीच्या आत सूचना लिहिलेल्या असतात, त्यांना जीन म्हणतात. त्यातली एक सूचना असं प्रथिन बनवते, जे धातूला धरून ठेवतं. पोलिसानं हात मागे बांधावे तसं. साध्या यीस्टमध्ये त्या सूचनेच्या एकदोन प्रती असतात. तुमच्या विहिरीतल्यात मला चौदा दिसताहेत, एकीला लागून एक. पिढ्यान्‌पिढ्या धातूत राहिलं की असं होतं. ज्यांच्याकडे जास्त प्रती ते वाचतात, बाकीचे जातात."

देवरावनं ती बशी उजेडात धरली. मग म्हणाला, "म्हंजे विहिरीत हे विष आहे."

"असू शकेल. कॅडमियम हाडं आणि किडन्या दोन्ही खातं. पण पाणी वेगळं तपासावं लागेल."

"असू शकेल काय ताई! चौदा चौकीदार कोनी उगाच ठेवते का घरात?"

पाणी तपासायचं यंत्र दुसऱ्या शहरात होतं. पत्र लिहा, सही घ्या, रांगेत थांबा. विभागप्रमुख प्रेमानंद सरांनी दोन महिन्यांनी सही केली, तोवर आणलेलं पाणी प्रयोगात संपलं होतं आणि विहीर नव्हती. रस्ता रुंद होणार म्हणून मलबा टाकून बुजवली, उंबर तोडला, आणि रस्ता काही रुंद झाला नाही, तिथं एका स्कीमची पार्किंग झाली. शेडवालाही पत्रे उचलून निघून गेला. मुग्धाचा शोधलेख मात्र परदेशातल्या मासिकात आला. तिनं तो आपणहून देवरावला मराठीत वाचून दाखवला. 'मध्य भारतातील गोड्या पाण्याच्या एका स्रोतातून' एवढंच होतं त्यात.

"विहिरीचं नाव?"

"तसं नाही लिहीत काका. त्यांना जीनशी मतलब."

"अन् आमच्याशी कोनाले मतलब?"

मुग्धानं लेखाची पानं मिटली. डिग्री घेऊन ती पुण्याला नोकरीला गेली. जाताना सात नंबरच्या नळ्या देवरावच्या हातात देऊन गेली. "काका, हे चालू ठेवा हं. माझ्यापेक्षा तुमच्या हातात जास्त जगेल."

पुढच्या मे महिन्यात विभागाचं मोठं फ्रीजर बंद पडलं. बर्फात जपून ठेवलेले मुग्धाचे सगळे नमुने वितळून आंबले, प्रेमानंद सरांनी यादी करून फेकून दिले. राहिला तो लॅबमधल्या देवरावच्या ताब्यातल्या साध्या फ्रीजमधला सात नंबर. जगात त्या विहिरीचं जे काही उरलं होतं, ते बोटभर नळीत, कापसाच्या बोळ्याखाली.

ती नळी त्यानं कशी सांभाळली! दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून यायचा. तार दिव्यावर लाल करायची, निवू द्यायची, जुन्या नळीतलं कणभर खमीर उचलून नव्या जेलीवर नागमोडी ओढायचं. सहा वर्षं, एक सोमवार चुकला नाही. सासरा वारला त्या महिन्यातसुद्धा तिसऱ्या दिवशी येऊन काम करून गेला. ओळीतल्या लोकांना तो ऐटीत सांगायचा, "साक्षीदार आहे आपल्याजवळ. फ्रीजात बसून आहे. पलटणार नाही."

आणि सहा वर्षं तो भांडला. अर्ज, स्मरणपत्रं, उपोषणाची धमकी. एका कारकुनाची कॉलर धरली म्हणून अर्धा दिवस चौकीत बसला. तिथल्या हवालदारालाही त्यानं जीन म्हणजे काय ते समजावलं. लोक मागून हसायचे. हसू दे. शेवटी यंदाच्या जानेवारीत सरकारनं चौकशी नेमली. चौकशीचा अधिकारी तरुण होता, आणि प्रामाणिक होता.

"काका, विहीर कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"पार्किंगखाली."

"शेड?"

"पयालं."

"पाण्याचा रिपोर्ट?"

"पानी नाही साहेब. पान्यात राहनारा आहे." आणि देवरावनं सगळं सांगितलं. चौदा प्रती, पोलीस, बांधलेले हात, सगळं. अधिकारी मधे न बोलता ऐकत राहिला. असं ऐकणारा माणूस देवरावला सहा वर्षांत पहिल्यांदा भेटला.

मुग्धालाही बोलावलं गेलं. तिनं नमुना विहिरीचाच असल्याचं लिहून दिलं, पण तिच्या जुन्या वहीत सात नंबरसमोर ठिकाणाच्या रकान्यात ठिकाणच नव्हतं. तिथं लिहिलेलं होतं, 'देवराव'. घाईघाईत तिनं कोणी आणलं तेच लिहिलं होतं. सत्तावीस वर्षांत त्याचं नाव एका कागदावर आलं, ते असं.

अधिकारी म्हणाला, "आठवणीवर लोकांची पार्किंग फोडता येत नाही. पण हे यीस्ट आजही माझ्या माणसासमोर कॅडमियममध्ये जगलं, आणि लेखातल्याशी जुळलं, तर मी तिथं बोअर घ्यायचा आदेश काढतो. विष कुठं जात नसतं. मातीत असेल तर सापडेल. आणि सापडलं, तर आजारांचं कारण मेडिकल बोर्डाकडून नव्यानं लिहून घेऊ."

देवराव घरी आला तो उडतच. "तुह्या फायलीवरची ओळ खोडून राहिलो," तो रुख्मिणीला म्हणाला. "आता फक्त तीन दिवस."

"खरंच?" ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी केस विंचरायला बसली.

शुक्रवारी देवरावनं स्वतःच बशा ओतल्या. दोन साध्या, चार विषाच्या, एकीपेक्षा दुसरीत जास्त. एकीतही बुडबुडा नाही. मुग्धानं सात नंबर पसरला, शेजारी तुलनेसाठी दुकानातलं साधं खमीरही. बशा वाढायला ऊबपेटीत ठेवल्या आणि सरकारी माणसानं तिच्या दारावर कागद चिकटवून सही केली.

सोमवारी कागद फाडला. साध्या बशा दुधाच्या सायीसारख्या भरलेल्या. विषाच्या चारही बशा कोऱ्या. सगळ्यात कमी विषाच्या बशीतसुद्धा टिंब नाही. शेजारचं दुकानी खमीर मेलं होतं, आणि सात नंबर त्याच्यासारखाच मेला होता.

"बशीत काही चुकलं असन," देवराव म्हणाला. "औषध जास्त पडलं असन."

पुन्हा केलं. पुन्हा तीन दिवस. पुन्हा कोऱ्या. मुग्धानं जीनच्या प्रती मोजल्या. चौदाच्या जागी दोन.

तिनं हळूच विचारलं, "काका, सहा वर्षं हे कशावर वाढवलंत?"

"जेलीवर. आपली नेहमीची. साखर जरा जास्त घालून."

"कॅडमियम?"

"नाही ना."

मुग्धानं डोळे मिटले. "थोडं घालायचं असतं काका. नेहमी. थोडं विष ठेवावंच लागतं."

"काहून?" देवरावचा आवाज चढला. "जित्या जीवाले रोज विष काहून द्याचं? माह्या घरात एक बाई विषानं सडून राहिली, अन् मी इथं बसून अजून एका जीवाले पाजू? मी त्याले चांगलं खाऊ घातलं! पाहा ना, कसं गुबगुबीत झालं!"

"म्हणूनच," मुग्धा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बोलायचं ती थांबली नाही. "चौदा प्रती सांभाळणं जड असतं. विष नसलं की ते ओझं फुकटचं. मग एखाद्या पेशीच्या प्रती गळतात, ती हलकी होते, भराभर वाढते, आणि चौदावाल्यांना मागे टाकते. दर महिन्याला तुम्ही कणभर उचललंत, त्यात हलकेच जास्त आले. सहा वर्षांत सगळे तेच उरले. यीस्ट तुम्ही जगवलंत काका. पण जे विहिरीत होतं ते हे नाही आता."

"तुमी सांगाले पायजे होतं मले."

"मी लिहून ठेवलं होतं. फ्रीजच्या दारावर. पूर्ण पद्धत."

"इंग्रजीत."

प्रेमानंद सर खिडकीबाहेर बघायला लागले. फ्रीजच्या दारावर तो कागद अजून होता, पिवळा पडलेला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. देवरावनं तो कागद सहा वर्षं रोज फडक्यानं पुसला होता.

इतकी वर्षं जो माणूस बोलायला उभा राहिला की समोरच्याला खाली बसावं लागायचं, तो त्या दिवशी स्टुलावर बसून राहिला. सत्तावीस वर्षांत पोरांच्या बशांना नावं ठेवली. मोठ्या डॉक्टरांच्या चुका पकडल्या. एकदा कुणाला विचारलं असतं, यात काय लिहिलंय? विचारलं नाही. इंग्रजी वाचता येत नाही, हे पोरांसमोर कबूल करायचं नव्हतं.

अधिकाऱ्यानं फाईल बंद केली. नाइलाजानं केली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याचा उपयोग काय?

देवरावनं घरी येऊन रुख्मिणीला सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"एकही नाही जगलं?"

"एकही नाही."

ती म्हणाली, "ओळीत हे सांगू नका. साहेबानं खाल्लं म्हना. लोकं मानतीन. चार शिव्या देऊन झोपतीन."

"तो मानूस खरा होता वं. त्याच्यावर काहून घालू?"

"मंग तुमच्यावर येईन."

"येऊ दे."

रविवारी सकाळी हनुमानाच्या ओट्यावर ओळीतले लोक जमले. देवराव उभा राहिला आणि त्यानं खरं ते सांगितलं. प्रती, ओझं, साखर, इंग्रजी कागद. सांगता सांगता त्यालाच कळत होतं की हे ऐकायला कसं लागतंय. सहा वर्षं ज्यानं साक्षीदार पलटणार नाही म्हणून छाती ठोकली, तोच म्हणतोय, मी त्याला गोड खाऊ घातलं म्हणून तो पलटला.

धोंडबा ऑटोवाला उठला. देवरावचा जुना दोस्त, ज्याची बायको या पाण्यानंच गेली होती.

"देवराव, सत्तावीस वर्षं जंतूच पोसते ना गा तू?"

"हो."

"अन् तुले माईत नव्हतं?"

"नव्हतं."

"बरं." धोंडबानं चपला पायात सरकवल्या. "स्कीमवाल्यानं काय देतो म्हनलं तुले?"

देवराव त्याच्या अंगावर धावून गेला असता, आधी गेलाच असता. त्यानं फक्त आजूबाजूला बघितलं. कुणीतरी 'अरे धोंडबा, असं काय बोलतो' म्हणेल म्हणून बघितलं. एक बाई उठून गेली. मग दुसरी. एकानं खर्रा तोंडात टाकला आणि मोबाईल काढला. दहा मिनिटांत ओटा रिकामा झाला.

रुख्मिणीला गुरुवारी सकाळी सातला दवाखान्यात पोचवायचं काम आठ वर्षं धोंडबाच्या ऑटोचं होतं. त्या गुरुवारी साडेसहाला दोघं दारात तयार होऊन उभे राहिले. पावणेसात झाले. धोंडबाचा ऑटो त्याच्या दारात उभाच होता. तो काच पुसत होता, शांतपणे, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"चला," रुख्मिणी म्हणाली. "चौकात मिळन एखादा."

चौक तिच्या पायांना लांब होता. मधे तीनदा बसावं लागलं, तिसऱ्यांदा स्कीमच्या गेटबाहेरच्या कठड्यावर. शिट्टीवाल्यानं बघितलं आणि बसू दिलं. फाईल देवरावच्या काखेत होती. आत त्या पार्किंगमध्ये एक माणूस पाइप लावून गाडी धूत होता, आणि पाणी फरशीवरून वाहत गेटाकडे येत होतं. रुख्मिणीनं पाय वर घेतले.

देवराव रस्त्याच्या कडेला जाऊन येणाऱ्या प्रत्येक ऑटोला हात दाखवू लागला. सात वाजून गेले होते.